सात वाद्ये, आठवा गळा

बिली हॉलिडे या नावाभोवती एव्हाना इतके काही जमा झाले आहे, की तिचे गाणे कानावर पडण्याआधीच ऐकणाऱ्याच्या मनात कणव दाटून येते. बाल्टिमोरमधील हलाखीचे बालपण, हेरॉइनचे व्यसन, तुरुंगवास आणि १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात आलेला मृत्यू. रुग्णशय्येवर असतानाच तिला अटकही झाली होती. १९५६ चे तिचे आत्मकथन, १९७२ मध्ये डायना रॉसने रंगवलेली तिची भूमिका आणि २०२१ मधील आणखी एक चित्रपट, साऱ्यांनी हीच शोकांतिका पुन्हा पुन्हा सांगितली. शोकांतिका खरी आहे. परंतु तिच्या गाण्याकडे केवळ दुःखाचा उद्गार म्हणून पाहण्याची सवय लागली, की तिने सर्वांत मोलाचे काम कोठे केले, तेच नजरेआड होते.

ते काम १९३५ ते १९४२ या काळातले आहे. सहा-सात वादकांच्या संगतीने, जेमतेम तीन मिनिटांच्या तबकड्यांसाठी, बहुतेक वेळा फारशा तालमीविना केलेली ही ध्वनिमुद्रणे. त्यांत अश्रू फार थोडे आहेत. विशी ओलांडणारी एक मुलगी आणि तिच्याच आगेमागे वयाचे काही अव्वल वादक मिळून एखाद्या सामान्य गाण्याशी कसे खेळतात, हे त्यांत ऐकू येते. जॅझचे जाणकार या तबकड्यांना गायन आणि वादन यांच्या संवादाचा कळस मानतात. गंमत अशी, की त्या काढणाऱ्या कंपनीला कळस वगैरे काही गाठायचा नव्हता. तिला हवे होते पाच सेंटांचे नाणे.

पाच सेंटांचे संगीत

१९२७ मध्ये अमेरिकेत दहा कोटींहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या होत्या. त्यानंतर शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि घरोघरी रेडिओवर संगीत फुकट मिळू लागले. १९३२ पर्यंत तबकड्यांची विक्री साठ लाखांच्या आसपास घसरली. हा धंदा आता बुडणार, असेच सर्वांना वाटत होते. मात्र डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली आणि मद्यालये पुन्हा उघडली. या मद्यालयांना वादक परवडत नव्हते. त्यांनी ज्यूक बॉक्स बसवले. फटीत पाच सेंटांचे नाणे टाकावे, हवी ती तबकडी निवडावी आणि नाचावे. या यंत्राची भूक मोठी होती. दर आठवड्याला त्याला नवी गाणी लागत आणि वाजवून वाजवून तबकड्या झिजत, त्यामुळे त्या पुन्हा विकत घ्याव्या लागत.

कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील ज्यूक बॉक्ससाठी स्वस्तात, चटकन आणि नाचता येईल असे संगीत पुरवण्याचा एक मार्ग जॉन हॅमंड या तरुण निर्मात्याने ब्रन्सविक कंपनीला सुचवला. हॅमंड अतिश्रीमंत घराण्यातला, पण रात्री हार्लेममधील छोटी मद्यगृहे पालथी घालणारा. १९३३ मध्ये अशाच एका ठिकाणी त्याने बिली हॉलिडेला ऐकले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर तिचे पहिले ध्वनिमुद्रण घडवून आणले. त्या पहिल्या तबकडीत तिचा आवाज काहीसा बिचकलेला, वरच्या पट्टीत ताणलेला वाटतो. तिला तिचा सूर सापडायला दीड वर्ष आणि एक वेगळी मांडणी लागली.

ही मांडणी म्हणजे छोटा गट. चौदा-पंधरा वादकांचा ताफा म्हटला, की प्रत्येकासाठी स्वरलेखन करून घ्यावे लागे, तालमी घ्याव्या लागत आणि पैसे मोजावे लागत. सात जणांना हे काही लागत नसे. एका कागदावर गाण्याची चाल आणि तिच्याखालील स्वरसंगती एवढे पुरे. कोण कोठे वाजवणार हे उभ्या उभ्या ठरे. गाणीही बहुधा प्रकाशकांच्या प्रतिनिधींकडून आलेली असत. चित्रपटांतील आणि ब्रॉडवेवरील ताज्या गाण्यांपैकी चांगला माल आधी प्रसिद्ध गोऱ्या गायकांच्या आणि वाद्यवृंदांच्या वाट्याला जाई. उरलेसुरले इकडे येई. याला अपवाद होते. आयर्विंग बर्लिन आणि जॉर्ज गर्शविन यांची गाणीही बिलीने याच काळात गायली. तरीही या यादीवर नजर टाकली, तर बरीच गाणी अशी आहेत, जी आज केवळ तिने गायली म्हणून शिल्लक आहेत.

२ जुलै १९३५

या मालिकेतील पहिले ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये २ जुलै १९३५ रोजी झाले. पियानोवर आणि नेतृत्वाला २२ वर्षांचा टेडी विल्सन. ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर, गिटारवर जॉन ट्रूहार्ट, बासवर जॉन कर्बी आणि ड्रमवर कोझी कोल. गायिका २० वर्षांची. त्या दिवशी चार गाणी मुद्रित झाली. त्यांपैकी 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' आणि 'मिस ब्राऊन टू यू' ही दोन आजही जॅझच्या कोणत्याही संग्रहात हमखास सापडतात.

त्या काळची ध्वनिमुद्रणाची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. चुंबकीय फीत यायला अजून दशकाहून अधिक अवधी होता. सारे वादक एकाच खोलीत, गायिका मायक्रोफोनसमोर, आणि आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. कोण किती मोठ्याने ऐकू येणार, हे तो मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभा आहे यावर ठरे. चूक झाली की नवे मेण आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मागाहून तुकडे जोडण्याची सोय नव्हती. त्यामुळे या तबकड्यांत जे ऐकू येते ते त्या तीन मिनिटांत प्रत्यक्ष घडलेले असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर आपल्याकडे नाट्यपदे आणि भावगीते याच मर्यादेत बसवली गेली. तीन मिनिटांत ख्याल उभा करणाऱ्या गवयांची कसरत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शिस्तीची कल्पना वेगळी द्यायला नको.

त्या काळच्या लोकप्रिय गाण्याचा साचा साधारण बत्तीस आवर्तनांचा असे. एक आवर्तन चार मात्रांचे. आठ-आठ आवर्तनांचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. धृपद-अंतरा-धृपद या आपल्या ओळखीच्या रचनेहून हे फार दूर नाही. अशा एका संपूर्ण फेरीला जॅझमध्ये 'कोरस' म्हणतात. त्याचा समूहगानाशी काही संबंध नाही. मध्यलयीत एक फेरी पाऊण मिनिटाची होते, म्हणजे तबकडीत तीन-चार फेऱ्या मावतात. विल्सनच्या नावावरील तबकड्यांत बिलीच्या वाट्याला यांपैकी बहुधा एकच फेरी येई. आधी कोणीतरी चाल वाजवे, मग ती गाई, नंतर दोघे-तिघे वादक आपापला उपज-विस्तार करत आणि शेवटी सगळे मिळून समारोप. म्हणजे ती गायिका असली, तरी तिचा दर्जा ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट यांच्या बरोबरीचा. पाळी आली की आपले म्हणणे मांडायचे आणि बाजूला व्हायचे.

वरवर पाहता हा गायिकेवर अन्याय वाटेल. प्रत्यक्षात याच व्यवस्थेने तिला घडवले. पन्नास सेकंदांत आपला ठसा उमटवायचा आणि आपल्या आधी एल्ड्रिज किंवा गुडमन यांच्यासारख्याने काहीतरी अफलातून वाजवून ठेवलेले, अशा स्थितीत छापील चाल जशीच्या तशी गाऊन निभाव लागणार नव्हता.

लयीशी लपंडाव

बिलीचा आवाज मोठा नव्हता आणि त्याचा पल्लाही सप्तकाहून थोडाच अधिक. स्वरलिपी तिला वाचता येत नसे. गाणे ऐकून, शब्द पाहून ती ते बसवी. तिने आदर्श म्हणून दोन नावे सांगितली होती: बेसी स्मिथचा भरदार आवाज आणि लुई आर्मस्ट्राँगची भावना. त्यांतले आर्मस्ट्राँगचे ऋण अधिक ठळक दिसते. चाल ही पाळायची आज्ञा नसून बोलायचा विषय आहे, हे तिने त्याच्या तबकड्यांवरून ओळखले. (याच तबकड्या सातासमुद्रापार मुंबईतही पोचल्या होत्या. गोव्याचा अँटोनिओ झेव्हियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगचीच ढब उचलून ट्रम्पेट वाजवू लागला आणि पुढे सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांत ती ढब अवघ्या देशाने ऐकली.)

चालीचे ती नेमके काय करीत असे? पहिली गोष्ट, ती चाल सपाट करीत असे. मूळ रचनेत जेथे स्वर वर उडी घेतो, तेथे ती खालच्या एखाद्या स्वरावर थांबून राही आणि शब्द त्याच स्वरावर बोलल्यासारखे मांडी. पल्ला कमी असल्याची ही सोय होती, असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु कोणता स्वर सोडायचा आणि कोणता धरायचा याची निवड इतकी नेमकी असे, की मूळ चाल नंतर ऐकली तर तीच अलंकारांनी लादलेली वाटते.

दुसरी गोष्ट लयीची, आणि तीच खरी तिची मिरासदारी. ड्रम, बास आणि गिटार मिळून चार मात्रांचा ठेका घड्याळासारखा देत असतात. बिली त्या ठेक्यावर पाऊल टाकीत नाही. थोडी मागे रेंगाळते. ओळ जेथून सुरू व्हायला हवी तेथून ती सुरू होत नाही. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते, ही चुकली. मग मधले शब्द ती लांबवते, पुढचे आवळते आणि ओळीच्या शेवटी अचूक ठिकाणी येऊन उभी राहते. मात्रा सोडून बोल फेकत फेकत समेवर अलगद उतरणारा गवय आपल्या परिचयाचा आहे. त्याची सवय असलेल्या कानाला बिलीचे हे वागणे परके वाटू नये. मात्र एक फरक आहे. येथे सम गाठल्याचा गाजावाजा नसतो, दाद घेण्यासाठी थांबणे नसते. ती पोचली हे कळेपर्यंत पुढची ओळ निम्मी झालेली असते.

'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' हे याचे सर्वांत सुबोध उदाहरण. गुडमनच्या क्लॅरिनेटने सुरू होणारी ही तबकडी अतिद्रुत लयीत धावते. अशा वेगात गायक साधारणपणे वाद्यांच्या मागे धापा टाकत पळतो. बिली पळत नाही. लांब, निवांत ओळी टाकत ती जणू निम्म्या वेगाने चालत राहते, आणि खाली वाद्ये सुसाट धावत असतात. त्या दोन वेगांच्या अंतरातून या तबकडीची सारी मौज निर्माण होते. खुद्द विल्सनचा पियानोही या मौजेला पोषक होता. आधीच्या पिढीतील पियानोवादक डाव्या हाताने दणदणीत ठेका देत. विल्सनचा डावा हात हलका आणि स्वच्छ, उजव्या हातात मण्यांच्या सरीसारख्या स्वरमाला. त्याने गायिकेच्या पायाखाली जमीन ठेवली, पण पाय अडकतील असे काही ठेवले नाही.

बिलीच्या गाण्यात आणखी काय नाही, हेही सांगायला हवे. एला फिट्झजेराल्डने पुढे ज्यात कमाल केली ते निरर्थक अक्षरांचे गायन, म्हणजे 'स्कॅट', बिलीने जवळपास केलेच नाही. तिचा सारा खेळ शब्दांवर आहे. ठुमरीच्या परिभाषेत बोलायचे तर बोलबनाव आहे, तानबाजी नाही.

लेस्टर नावाचा दुसरा आवाज

२५ जानेवारी १९३७ हा या मालिकेतील दुसरा मोठा दिवस. काउंट बेसीचा वाद्यवृंद नुकताच कॅन्सस सिटीहून पूर्वेकडे आला होता. त्यातील ट्रम्पेटवादक बक क्लेटन, टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग, बासवादक वॉल्टर पेज आणि ड्रमवादक जो जोन्स यांना हॅमंडने विल्सन, गुडमन आणि गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांच्यासोबत एका खोलीत आणले. पुन्हा सात वाद्ये.

लेस्टर यंगची कथा बिलीच्या कथेशी नाते सांगणारी आहे. त्या काळी टेनर सॅक्सोफोन म्हणजे कोलमन हॉकिन्स, हे समीकरण होते. जाड, घोगरा, छाती भरून टाकणारा नाद. लेस्टरचा नाद नेमका उलट होता. हलका, कोरडा, कंपनाशिवायचा. १९३४ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात हॉकिन्सच्या जागी त्याला घेतले, तेव्हा हा हॉकिन्ससारखा वाजवत नाही म्हणून सहकाऱ्यांनी त्याला नको नको केले आणि थोड्याच काळात त्याला ती जागा सोडावी लागली. तोही ठेक्याच्या किंचित मागे राहून बोलल्यासारखा वाजवी आणि कमी स्वरांत जास्त सांगे. बिलीने आपण गातो असे आपल्याला वाटत नाही, वाद्य वाजवतो असे वाटते, असे सांगून ठेवले आहे. लेस्टरबाबत उलट म्हणता येईल. शब्द ठाऊक असल्याशिवाय गाणे वाजवू नये, असे तो मानी.

त्या दिवशी मुद्रित झालेल्या 'धिस इयर्स किसेस' या बर्लिनच्या गाण्यात पहिली फेरी लेस्टरची आहे. तो चाल वाजवतो आणि तिच्या शेवटी बिलीचा आवाज सुरू होतो. वाद्य संपले आणि गळा सुरू झाला, हे सांधे शोधावे लागतात. 'आय मस्ट हॅव दॅट मॅन'मध्ये क्रम उलटा. तिच्यामागून त्याचा छोटासा एकलविस्तार येतो, आणि जाणकारांच्या मते लेस्टरच्या सर्वोत्तम वादनांत त्याची गणना होते.

पण खरी बहार एकामागून एक वाजवण्यात नाही, एकत्र वाजवण्यात आहे. गाणे चालू असताना गायिकेच्या ओळींच्या मधल्या जागेत वाद्याने आपले वाक्य पेरायचे, ही जॅझमधील जुनी चाल. आपल्याकडे ठुमरीला सारंगीची साथ असते. सारंगी गळ्याचा माग काढते, त्याने घेतलेली जागा पुन्हा उमटवते. लेस्टर माग काढत नाही. बिली एक वाक्य बोलते, तो त्याला उत्तर देतो. कधी दुजोरा, कधी खोडी, कधी निव्वळ एक सुस्कारा. दोघे एकाच वेळी बोलतात, तरी एकमेकांच्या शब्दांवर शब्द पडत नाहीत. त्यांच्या स्नेहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिला 'लेडी डे' हे नाव त्याने दिले, त्याला 'प्रेझ', म्हणजे राष्ट्राध्यक्ष, ती म्हणू लागली. काही काळ तो तिच्या आणि तिच्या आईच्या घरी राहतही होता. ते प्रेमिक नव्हते. ध्वनिमुद्रणे ऐकताना हा खुलासा कोणी मागेल असे नाही, एवढेच.

१५ जून १९३७ रोजी मुद्रित झालेले 'अ सेलबोट इन द मूनलाइट' हे गाणे मुद्दाम ऐकावे. चांदणे, होडी आणि प्रेयसी असा सारा माल भरलेले हे गाणे गाय लोंबार्डो याच्या लोकप्रिय वाद्यवृंदाने त्याच वर्षी गाजवले होते. त्याच्या भावानेच ते जॉन जेकब लोएब याच्यासोबत रचले होते. लोंबार्डोची तबकडी पाकात बुडवून काढलेली. बिलीने तेच शब्द गायले, एकही बदलला नाही. मात्र तिने पाक निथळून टाकला. शब्दांकडे ती थोड्या अंतरावरून पाहते, त्यांची टिंगल करत नाही आणि त्यांना भुलतही नाही. त्या अंतरात लेस्टर शिरतो आणि गाणे खरे वाटू लागते. दोन तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर जॅझ म्हणजे काय यावर वेगळे व्याख्यान लागू नये.

लेबलवरची बारीक अक्षरे

ब्रन्सविकच्या तबकड्यांवर मोठ्या अक्षरांत टेडी विल्सनच्या वाद्यवृंदाचे नाव असे आणि खाली बारीक अक्षरांत गायिकेचे. जुलै १९३६ पासून व्होकॅलियन या स्वस्त लेबलवर बिलीच्या स्वतःच्या नावाने तबकड्या निघू लागल्या, तेव्हा तिला सुरुवातीची आणि शेवटचीही फेरी मिळू लागली. मोबदल्यात मात्र फरक पडला नाही. एका बैठकीचे ठरलेले पैसे हातावर ठेवले जात, स्वामित्वधन नाही. ज्यूक बॉक्समध्ये तबकडी कितीदा वाजली, पुढे कितीदा नव्याने छापली गेली, याच्याशी गायिकेचा संबंध उरत नसे. हा करार तिच्या एकटीसाठी नव्हता, कृष्णवर्णीय कलावंतांसाठी तो सर्रास होता. तिच्या दारिद्र्याची कारणे शोधताना केवळ व्यसनाकडे बोट दाखवणाऱ्यांनी या बारीक अक्षरांकडेही पाहावे.

वर्णाचा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वेगळ्या रूपाने दिसतो. गुडमन गोरा, विल्सन कृष्णवर्णीय. १९३५ च्या जुलैत ते बंद दाराआड एकत्र वाजवू शकले, कारण तबकडीला रंग दिसत नाही. प्रेक्षकांसमोर गुडमनच्या त्रयीत विल्सन बसला तो १९३६ मध्ये, आणि त्याचीही मोठी बातमी झाली. स्वतः बिली १९३८ मध्ये आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदात गायिका म्हणून रुजू झाली. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात कार्यक्रम असताना तिला पाहुण्यांच्या लिफ्टऐवजी सामानाच्या लिफ्टने जायला सांगण्यात आले. त्या हॉटेलचे नाव लिंकन होते. वर्ष सरण्यापूर्वी तिने तो वाद्यवृंद सोडला. शॉबरोबर तिचे स्टुडिओत मुद्रित झालेले एकच गाणे आहे. त्याआधी १९३७-३८ मध्ये ती बेसीच्या संपूर्ण वाद्यवृंदाबरोबर गावोगाव गात फिरली; परंतु बेसी डेका कंपनीशी आणि ती ब्रन्सविकशी बांधलेली असल्याने त्या सहवासाचे एकही स्टुडिओमुद्रण होऊ शकले नाही. रेडिओवरून प्रसारित झालेली मोजकी गाणी तेवढी वाचली. करारांनी जे मोठ्या प्रमाणावर होऊ दिले नाही, ते सात जणांच्या त्या छोट्या बैठकांत निसटते घडून गेले.

तंतुवाद्यांचा पडदा

१९३९ मध्ये चित्र पालटले. 'कॅफे सोसायटी' या न्यूयॉर्कमधील क्लबमध्ये बिली 'स्ट्रेंज फ्रूट' गाऊ लागली. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडाला लटकावून ठार मारण्याच्या क्रौर्याविषयीची एबल मीरोपोल याची ही रचना तिच्या कंपनीने मुद्रित करायला नकार दिला. २० एप्रिल १९३९ रोजी कमोडोर या छोट्या कंपनीसाठी तिने ती गायली. इतिहासात या तबकडीचे स्थान वादातीत आहे. पण संगीताच्या अंगाने पाहिले, तर येथून बिली ही गटातील एक न राहता मध्यवर्ती नायिका झाली. लय मंदावली, वाद्ये मागे सरली आणि श्रोते तिच्याकडून व्यथा मागू लागले. मार्च १९४१ मधील 'ऑल ऑफ मी' हा लेस्टरबरोबरचा या जुन्या मैफलीतला उशिराचा चमकदार क्षण. फेब्रुवारी १९४२ मध्ये कोलंबियासाठीची तिची ही मालिका थांबली आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला.

१९४४ मध्ये डेकाकडे जाताना बिलीने स्वतःच व्हायोलिनांचा ताफा मागितला. मोठ्या गायिकांना तो मिळतो, मग मला का नको, असा त्यामागचा विचार असावा, आणि तो गैर म्हणता येत नाही. 'लव्हर मॅन' हे गाणे त्या मागणीचे फळ. आवाज तेव्हा ऐन बहरात होता. तरीही त्या तबकड्यांत काहीतरी हरवल्यासारखे वाटते. व्हायोलिने कागदावर लिहिलेले वाजवतात. गायिका रेंगाळली तर तीही रेंगाळत नाहीत, तिने खोडी काढली तर हसत नाहीत. बोलायला समोर कोणी नाही, अशा ठिकाणी बिली एकटीच उत्तम बोलते आहे.

१९५२ पासून निर्माता नॉर्मन ग्रांझ याने तिला पुन्हा छोट्या गटात आणले. ऑस्कर पीटरसन, बेनी कार्टर, हॅरी एडिसन, बार्नी केसेल यांच्यासारखे वादक आणि जानेवारी १९५७ मध्ये, पहिल्या दिवसाचा साथीदार बेन वेब्स्टर. आता लाँग प्लेइंग तबकडी आली होती, तीन मिनिटांची मर्यादा सुटली होती. आवाज मात्र झिजला होता. वरचे स्वर गेले, उरलेल्यांवर ओरखडे पडले. काहींना ही ध्वनिमुद्रणे ऐकवत नाहीत, काहींना हीच अधिक खोल वाटतात. या मतभेदात पडण्यापूर्वी ठेक्याकडे कान द्यावा: शब्द कोठे टाकायचा याचे तिचे भान तसूभरही ढळलेले नाही. याउलट १९५८ मधील 'लेडी इन सॅटिन' या तबकडीत पुन्हा मोठा तंतुवाद्यवृंद आला आणि त्या मखमलीवर तिच्या आवाजाचे ओरखडेच प्रथम नजरेत भरतात.

८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीवरील एका थेट कार्यक्रमात ती 'फाइन अँड मेलो' हे स्वतःचे गाणे गायली. भोवती अर्धवर्तुळात हॉकिन्स, वेब्स्टर, एल्ड्रिज आणि आजारी, थकलेला लेस्टर. त्याने उठून एक छोटीशी फेरी वाजवली. मोजके स्वर, कोठेही घाई नाही. ती ऐकताना बिलीच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कॅमेऱ्याने टिपले आहे आणि आज कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. १५ मार्च १९५९ रोजी लेस्टर गेला. चार महिन्यांनी ती.

कोलंबियाच्या मालकीची १९३३ ते १९४४ मधील तिची ध्वनिमुद्रणे २००१ मध्ये दहा सीडींच्या संचात एकत्र प्रसिद्ध झाली. त्या संचाला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. एवढे सारे सलग ऐकणे हे कामच होऊन बसते. नव्याने कानावर घेणाऱ्याने 'मिस ब्राऊन टू यू'पासून सुरुवात करावी, मग 'धिस इयर्स किसेस', मग 'अ सेलबोट इन द मूनलाइट'. त्यानंतर 'मी, मायसेल्फ अँड आय' हे गाणे घ्यावे. 'सेलबोट'च्याच दिवशी मुद्रित झालेल्या या गाण्याचे दोन प्रयत्न जपले गेले आहेत. गाणे तेच, माणसे तीच, मध्ये काही मिनिटांचेच अंतर. पहिला प्रयत्न ऐकावा, नंतर दुसरा, आणि शेवटच्या फेरीत बिलीच्या ओळींमागे लेस्टर काय वाजवतो त्याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या खेपेला तो आधीचे उत्तर देत नाही.